कोंबड्यांची पीसगळ

कोंबड्यांची पीसगळ म्हणजे प्रौढ कोंबडीच्या अंगावरील जुनी व झिजलेली पिसे ठरावीक काळाने गळून त्यांच्या जागी नवी पिसे येण्याची नैसर्गिक प्रक्रिया होय. कुक्कुटपालन व्यवसायात तिला मोल्टिंग असेही म्हणतात. ही प्रक्रिया साधारणतः वर्षातून एकदा घडते. त्या काळात कोंबडीचे अंडी देणे मंदावते किंवा पूर्णपणे थांबते. पीस हे जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांचे बनलेले असल्याने नवी पिसे येण्याचा वेग व त्यांचा दर्जा आहारातील प्रथिनांवर, विशेषतः गंधकयुक्त ॲमिनो आम्लांवर अवलंबून असतो. व्यापारी कुक्कुटशाळेत पक्ष्यांना संतुलित खाद्य मिळते. परसातील कोंबड्या मात्र बव्हंशी धान्य, उरलेले अन्न आणि स्वतः वेचलेले किडे यांवर जगतात. त्यामुळे पीसगळीच्या काळात आहाराचा प्रश्न परसातील कुक्कुटपालनात अधिक महत्त्वाचा ठरतो.

पीसगळ हा रोग नाही. तथापि ती ओळखता न आल्यास कोंबडी आजारी किंवा निकामी झाली असे समजून तिला विकले अथवा मारले जाण्याची शक्यता असते. उलट, खऱ्या रोगाकडे किंवा कीडबाधेकडे पीसगळ समजून दुर्लक्ष होण्याचाही धोका असतो.

## पिसाची रचना व घटक

पीस त्वचेतील पुटक नावाच्या सूक्ष्म खोबणीतून वाढते. वाढणाऱ्या पिसाच्या पोकळ दांड्यात रक्तवाहिन्या असतात व त्याभोवती केराटिनचे पातळ आवरण असते. या अवस्थेतील पीस बाहेरून टोकदार काट्यासारखे दिसते. पिसाची वाढ पूर्ण होत आली की रक्तपुरवठा आटतो, आवरण सुटून गळते आणि आतील पिच्छके उलगडतात. पूर्ण वाढलेले पीस ही मृत रचना असते. ते झिजले किंवा तुटले तर दुरुस्त होत नाही, म्हणूनच ते वेळोवेळी बदलावे लागते. मात्र एखादे पीस मुळासकट उपटले गेले, तर त्याच्या जागी पीसगळीच्या हंगामाची वाट न पाहता नवे पीस येऊ शकते.

पिसाच्या कोरड्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग प्रथिनांचा असतो. त्यात केराटिन हे प्रथिन प्रमुख असते. केराटिनमध्ये सिस्टीन या गंधकयुक्त ॲमिनो आम्लाचे प्रमाण पुष्कळ असते. सिस्टीनच्या रेणूंमधील गंधकाचे बंध केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडतात व त्यामुळे पिसाला ताठपणा, चिवटपणा आणि पाण्यात न विरघळण्याचा गुणधर्म प्राप्त होतो. याच बंधांमुळे कच्ची पिसे जवळजवळ अपचनीय असतात. म्हणून कोंबडीने गळलेली पिसे खाल्ली तरी त्यांतून तिची प्रथिनांची गरज भागत नाही. पिसे उच्च दाबाच्या वाफेवर शिजवून केलेली भुकटी पशुखाद्यात वापरतात, परंतु तिच्यातही मिथिओनिन, लायसिन व हिस्टिडिन या आवश्यक ॲमिनो आम्लांचा तुटवडा असतो.

कोंबडीच्या एकूण वजनात पिसांचा वाटा जात, वय व लिंग यांनुसार साधारणतः ४ ते ८ टक्के असतो. उघड्या मानेच्या कोंबड्यांत विशिष्ट जनुकामुळे पिसांचे आवरण इतर कोंबड्यांपेक्षा बरेच विरळ असते. अशा पक्ष्यांना पिसांसाठी लागणारी प्रथिनेही कमी लागतात. उष्ण प्रदेशातील कुक्कुटपालनात हा त्यांचा एक फायदा मानला जातो.

## कारणे व शरीरक्रिया

पीसगळीचे मुख्य बाह्य कारण म्हणजे दिवसाची घटती लांबी. पक्ष्यांना प्रकाशाची जाणीव केवळ डोळ्यांनी होत नाही. कवटीतून आत शिरणारा प्रकाश ओळखणाऱ्या पेशी मेंदूच्या खोल भागातही असतात. दिवस लहान होऊ लागले की अधश्चेतक व पोष ग्रंथी यांच्याकडून अंडाशयाला मिळणारी उत्तेजना घटते, अंडाशय व अंडनलिका आक्रसतात आणि रक्तातील इस्ट्रोजेनचे प्रमाण कमी होते. इस्ट्रोजेन नव्या पिसांच्या वाढीला रोखून धरते. ते घटल्यावर आणि अवटू ग्रंथीतील थायरॉक्सिनचा प्रभाव वाढल्यावर पुटके सक्रिय होतात. वाढू लागलेले नवे पीस जुन्या पिसाला खालून बाहेर ढकलते.

समशीतोष्ण प्रदेशात उन्हाळ्याची अखेर ते शरद ऋतू हा पीसगळीचा ठराविक काळ असतो. विषुववृत्ताजवळ दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नसल्याने तेथे पीसगळ वर्षभरात केव्हाही व विखुरलेल्या स्वरूपात दिसते. महाराष्ट्रात जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये सुमारे अकरा तासांचा असतो. हा फरक मध्यम स्वरूपाचा असल्याने पावसाळ्यानंतर पीसगळ होण्याकडे कल असला, तरी सर्व कोंबड्या एकाच वेळी पिसे टाकतील असे नसते.

प्रकाशाखेरीज दीर्घकाळ खुडूक बसणे, पाण्याचा खंड, खाद्यातील अचानक बदल, तीव्र उष्णता, प्रवास, भीती व आजार यांमुळेही पीसगळ सुरू होऊ शकते. देशी कोंबड्यांमध्ये खुडूक होण्याची प्रवृत्ती अधिक असते. अंडी उबवण्याच्या सुमारे २१ दिवसांत कोंबडी अत्यल्प खाते आणि पिल्ले बाहेर पडल्यानंतर बऱ्याचदा तिची पिसे गळू लागतात.

कोंबडा व कोंबडी या दोघांतही पीसगळ होते. पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज असलेल्या लाल रानकोंबड्यांत नर प्रजननाचा हंगाम संपल्यावर मानेवरील झळाळती पिसे टाकून काही काळ साधी, गडद पिसे धारण करतो.

## क्रम व कालावधी

पिल्लाच्या अंगावरील लव पहिल्या पाच-सहा आठवड्यांत जाऊन पिसे येतात. त्यानंतर वयात येईपर्यंत ही पिसे टप्प्याटप्प्याने बदलतात. प्रौढ कोंबडीची पहिली पूर्ण पीसगळ साधारणतः १५ ते १८ महिन्यांच्या वयात होते व पुढे ती प्रायः दरवर्षी होते.

पिसे गळण्याचा सर्वसाधारण क्रम डोके, मान, छाती, धड, पंख व शेपटी असा असतो. पंखाच्या बाहेरील भागात सहसा दहा प्राथमिक पिसे असतात. त्यांच्या व दुय्यम पिसांच्या मध्ये एक आखूड अक्षीय पीस असते. प्राथमिक पिसे या अक्षीय पिसालगतच्या पिसापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने गळत जातात. एका प्राथमिक पिसाची पूर्ण वाढ होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात.

पंख उलगडून पाहिल्यास पीसगळीचा वेग ओळखता येतो. मंद गतीने पिसे टाकणारी कोंबडी साधारणतः दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक प्राथमिक पीस टाकते. या हिशेबाने पहिल्या पिसाचे सहा आठवडे आणि उरलेल्या नऊ पिसांचे प्रत्येकी दोन आठवडे मिळून तिला पंख पूर्ण होण्यास सुमारे २४ आठवडे लागतात. जलद गतीची कोंबडी दोन-तीन किंवा अधिक पिसे एकदम टाकते व ८ ते १२ आठवड्यांत नवी पिसे धारण करते. चांगली अंडी देणाऱ्या कोंबड्या सहसा उशिरा व झपाट्याने पिसे टाकतात, तर कमी अंडी देणाऱ्या कोंबड्या लवकर सुरुवात करून रेंगाळतात. त्यामुळे पीसगळीच्या काळात अंगावर पिसेच न उरलेली, विद्रूप दिसणारी कोंबडी ही अनेकदा कळपातील उत्तम कोंबडी असते.

या काळात तुरा फिकट होऊन आक्रसतो. अंडी देताना बलकाकडे वळणारे पिवळे रंगद्रव्य आता शरीरात राहू लागल्यामुळे पिवळ्या कातडीच्या जातींत चोच व पायांचा पिवळेपणा हळूहळू परत येतो. कोंबडी कमी हालचाल करते, आडोसा शोधते व स्पर्श टाळते. वाढत्या पिसांवर दाब पडल्यास तिला वेदना होतात.

## प्रथिनांची गरज

दोन किलो वजनाच्या कोंबडीच्या अंगावर ६ टक्के म्हणजे सुमारे १२० ग्रॅम पिसे आहेत असे मानल्यास त्यांत सुमारे १०८ ग्रॅम प्रथिने असतात. ही सर्व पिसे आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत बदलायची असल्यास रोज सरासरी सुमारे २ ग्रॅम प्रथिने केवळ पिसांत जमा व्हावी लागतात. पिसे झपाट्याने वाढत असलेल्या दिवसांत हा आकडा याहून मोठा असतो. खाल्लेल्या प्रथिनांचा काही भागच पिसांत उतरत असल्यामुळे आहारातून त्याच्या दुप्पट किंवा अधिक प्रथिने मिळावी लागतात. याशिवाय त्वचा व पुटके यांतील वाढलेली चयापचय क्रिया, उघड्या त्वचेतून जाणारी उष्णता भरून काढणे आणि अंडनलिकेची पुढील काळात होणारी पुनर्बांधणी यांचाही भार शरीरावर पडतो.

दुसरीकडे, सुमारे ५५ ग्रॅमच्या एका अंड्यात अंदाजे ६ ग्रॅम प्रथिने असतात. अंडी देणे थांबल्यावर ही प्रथिने वाचतात. म्हणजेच भरपूर अंडी देत असलेल्या आणि पुरेसे लेअर खाद्य खात असलेल्या कोंबडीची प्रथिनांची एकूण गरज पीसगळीत फार वाढते असे नाही. तरीही या काळात प्रथिने वाढवण्याची शिफारस केली जाते, कारण अनेक कोंबड्यांचे खाणे पीसगळीत कमी होते. कमी खाद्यातून तेवढीच प्रथिने मिळायची तर खाद्यातील त्यांचे प्रमाण अधिक हवे. तसेच पिसांसाठी लागणाऱ्या ॲमिनो आम्लांची रचना अंड्याहून वेगळी असून तीत गंधकयुक्त आम्लांचा वाटा मोठा असतो. परसातील कोंबड्यांचा नेहमीचा आहार तर मुळातच प्रथिनांनी तोकडा असतो.

### मिथिओनिन व सिस्टीन

कोंबडीचे शरीर मिथिओनिनपासून सिस्टीन तयार करू शकते, परंतु मिथिओनिन मात्र तिला आहारातूनच मिळावे लागते. मका व सोयापेंड यांवर आधारलेल्या खाद्यात सर्वांत आधी कमी पडणारे ॲमिनो आम्ल मिथिओनिन हेच असते. एखादे आवश्यक ॲमिनो आम्ल अपुरे असेल, तर इतर आम्ले मुबलक असूनही प्रथिनांची बांधणी त्या अपुऱ्या आम्लाच्या मर्यादेतच होते. उरलेल्या आम्लांतील नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून बाहेर टाकला जातो. म्हणून पीसगळीच्या आहारात प्रथिनांच्या टक्केवारीइतकाच त्यांचा प्रकार महत्त्वाचा असतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार रोज १०० ग्रॅम खाद्य खाणाऱ्या, पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीला सुमारे १५ ग्रॅम प्रथिने, ३०० मिलिग्रॅम मिथिओनिन, तसेच मिथिओनिन व सिस्टीन मिळून ५८० मिलिग्रॅम लागतात. प्रत्यक्ष व्यवहारात लेअर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने ठेवली जातात. पीसगळीच्या काळात परसातील कोंबड्यांसाठी सामान्यतः १८ ते २० टक्के प्रथिनांचा एकूण आहार सुचवला जातो.

पिसाची वाढ होत असताना पोषणात खंड पडल्यास किंवा तीव्र ताण आल्यास पिसावर आडव्या, कमकुवत रेषा उमटतात. पुढे पीस याच रेषांवर तुटते. असे सदोष पीस पुढील पीसगळीपर्यंत तसेच राहत असल्यामुळे काही दिवसांच्या अपपोषणाचा परिणाम वर्षभर टिकू शकतो.

## आहारातील बदल

सर्वांत सोपा उपाय म्हणजे नेहमीच्या खाद्याचे पूरक धान्यामुळे होणारे सौम्यीकरण थांबवणे. उदाहरणार्थ, एखादी कोंबडी १६ टक्के प्रथिनांचे ६० ग्रॅम लेअर खाद्य आणि ९ टक्के प्रथिनांचा ५० ग्रॅम मका खात असेल, तर तिला एकूण ११० ग्रॅम खाद्यातून सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे तिच्या आहाराचे प्रत्यक्ष प्रमाण १३ टक्क्यांच्याही खाली येते. अशा वेळी धान्य कमी करून संतुलित खाद्य वाढवल्यानेच बराचसा तुटवडा भरून निघतो.

संतुलित खाद्य उपलब्ध नसल्यास धान्यात प्रथिनयुक्त घटक मिसळावे लागतात. काही घटकांतील प्रथिनांचे अंदाजे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

| घटक | प्रथिने (टक्के) | विशेष |
|---|---|---|
| तांदळाची कणी | ७–८ | मुख्यतः ऊर्जेचा स्रोत |
| मका | ८–९ | मुख्यतः ऊर्जेचा स्रोत |
| ज्वारी | ९–११ | मुख्यतः ऊर्जेचा स्रोत |
| सोयापेंड | ४४–४८ | लायसिन भरपूर, मिथिओनिन कमी |
| शेंगदाणा पेंड | ४०–४५ | लायसिन व मिथिओनिन कमी. बुरशीचा धोका |
| तिळाची पेंड | ३५–४५ | मिथिओनिन चांगले, लायसिन कमी |
| सूर्यफूल पेंड | २८–३५ | मिथिओनिन चांगले, तंतू अधिक |
| मासळीची भुकटी | ४५–६५ | ॲमिनो आम्लांचा समतोल उत्तम. मीठ व वाळूची भेसळ संभवते |
| वाळवलेल्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या | सुमारे ४० | स्निग्धांश अधिक |
| वाळवलेला अझोला | २०–२५ | ताज्या अझोलात बहुतांश पाणी |
| वाळवलेला शेवग्याचा पाला | २५–२७ | जीवनसत्त्वांचाही स्रोत |
| उकडलेले अंडे | १२–१३ | ताज्या वजनावर. प्रथिनांचा दर्जा उत्तम |

दोन घटकांपासून ठरावीक प्रमाणाचे मिश्रण करण्यासाठी चौकोन पद्धत वापरतात. १० टक्के प्रथिनांची ज्वारी आणि ४५ टक्के प्रथिनांची सोयापेंड यांपासून १८ टक्क्यांचे मिश्रण हवे असल्यास ४५ मधून १८ वजा केल्यावर ज्वारीचे २७ भाग आणि १८ मधून १० वजा केल्यावर सोयापेंडीचे ८ भाग येतात. एकूण ३५ भागांत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७७ व २३ टक्के होते. मात्र असे मिश्रण पूर्ण खाद्य ठरत नाही. खनिजे, जीवनसत्त्वे व मीठ यांची पूर्तता स्वतंत्रपणे करावी लागते.

वनस्पतिजन्य घटक एकत्र वापरल्यास एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. सोयापेंडीतील लायसिन आणि तिळाच्या पेंडीतील मिथिओनिन हे याचे चांगले उदाहरण होय. मासळी, अंडी व कीटक या प्राणिजन्य घटकांत मिथिओनिन तुलनेने अधिक असल्याने ते थोड्या प्रमाणातही उपयुक्त ठरतात.

अंडी न देणाऱ्या कोंबडीला लेअर खाद्यातील सुमारे ३.५ ते ४.५ टक्के कॅल्शियमची गरज नसते. म्हणून काही पालक या काळापुरते कमी कॅल्शियमचे ग्रोअर किंवा ब्रॉयलर खाद्य देतात व शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतात. ज्या कोंबड्या अजून अंडी देत असतात त्या आपल्या गरजेप्रमाणे तो खातात. ब्रॉयलर खाद्यात औषधी घटक असू शकतात. त्यामुळे खाद्याच्या पोत्यावरील माहिती पाहणे आवश्यक असते.

आहारातील बदल पाच ते सात दिवसांत हळूहळू केला जातो. पिसे गळू लागताच वाढीव प्रथिने सुरू करून नव्या पिसांची वाढ पूर्ण होईपर्यंत ती चालू ठेवतात. अंडी पुन्हा सुरू झाल्यावर कोंबड्यांना नेहमीच्या लेअर खाद्यावर आणले जाते. प्रथिने शरीरात चरबीप्रमाणे साठवून ठेवता येत नसल्यामुळे आठवड्यातून एकदा भरपूर देण्यापेक्षा रोज थोडी देणे अधिक उपयोगी असते.

## अतिरेक व धोके

गरजेपेक्षा जास्त प्रथिने दिल्याने पिसे त्या प्रमाणात लवकर येत नाहीत. जादा नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकावा लागतो. कोंबडी अधिक पाणी पिते, विष्ठा पातळ होते, खुराड्यातील गादी ओली राहते आणि तीतून अमोनिया वायू सुटतो. त्यामुळे डोळे, श्वसनमार्ग व तळपाय यांना इजा पोहोचते. मूत्रपिंडे आधीच दुबळी असल्यास युरेट क्षार साठून पक्ष्यांमध्ये गाउट हा विकार उद्भवू शकतो.

घटकांनुसार पुढील धोके संभवतात.

* कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात. ते भाजून किंवा शिजवूनच द्यावे लागते. व्यापारी सोयापेंडीवर उष्णतेची प्रक्रिया झालेली असते.
* ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाणा पेंडीत व मक्यात बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. बुरशी दिसत नसली तरी विष असू शकते आणि साध्या शिजवण्याने ते नाहीसे होत नाही.
* जवसाच्या पेंडीत जीवनसत्त्व ब-६ च्या कार्यात अडथळा आणणारे द्रव्य असते. त्यामुळे ती कोंबड्यांना प्रथिनांचा मुख्य स्रोत म्हणून योग्य नसते.
* खारवलेल्या सुक्या मासळीतील मीठ कोंबड्यांना अपायकारक ठरू शकते. बिनमिठाची मासळी उपलब्ध नसल्यास ती धुऊन, पुन्हा वाळवून व अल्प प्रमाणात वापरली जाते.
* गांडुळे, गोगलगायी व काही कीटक हे कृमींचे वाहक असतात. त्यांवर पोसल्या जाणाऱ्या कळपात जंतनिर्मूलनाकडे लक्ष द्यावे लागते.

कीटक व उरलेले अन्न खाऊ घालण्याबाबत देशोदेशी वेगवेगळे नियम आहेत. ब्रिटनमध्ये स्वयंपाकघरातील उरलेले अन्न, तसेच वाळवलेल्या मीलवर्म अळ्या कोंबड्यांना देण्यास कायद्याने मनाई आहे. युरोपीय संघाने मात्र २०२१ पासून कुक्कुटखाद्यात प्रक्रिया केलेल्या कीटक-प्रथिनांना परवानगी दिली.

## महाराष्ट्रातील परसातील कुक्कुटपालनात

महाराष्ट्राच्या ग्रामीण व आदिवासी भागांत गावरान कोंबड्यांबरोबर वनराजा, गिरिराजा, ग्रामप्रिया व कडकनाथ यांसारखे पक्षी परसात पाळले जातात. त्यांची देखभाल मुख्यतः घरातील स्त्रिया करतात. अंडी व पक्षी विकून मिळणारे पैसे घरखर्चाच्या उपयोगी पडतात. अशा घरांत अंडी देणे दोन-तीन महिने थांबलेली कोंबडी ठेवावी की विकावी, हा प्रत्यक्ष खर्चाचा प्रश्न असतो.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या आहारातील प्रथिने ऋतूनुसार बदलतात. पावसाळ्यात किडे, अळ्या, वाळवी, गांडुळे व कोवळा पाला मुबलक असतो. सुगीनंतर खळ्यावर व अंगणात सांडलेले धान्य भरपूर मिळते, परंतु जमीन सुकत गेल्याने किडे कमी होतात. म्हणजेच पीसगळीचा संभव असतो त्या हंगामात आहारातील ऊर्जा वाढलेली आणि प्रथिने घटलेली असतात. कोंबडीचे पोट भरलेले दिसत असूनही पिसे रेंगाळण्याचे हे एक कारण आहे.

पूरक प्रथिनांसाठी स्थानिक साधने उपलब्ध असतात. कोकणात जवळा, सुकट व सुक्या मासळीचा चुरा सहज मिळतो. विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनचे मोठे उत्पादन होत असल्याने सोयापेंड मिळू शकते. परसातील शेवग्याचा पाला, छोट्या हौदात वाढवलेला अझोला आणि शेणखताच्या खड्ड्यातील अळ्या यांचाही उपयोग होतो. यांपैकी हिरवा पाला व ताजा अझोला यांत पाण्याचे प्रमाण फार असल्याने ते पेंड किंवा मासळीची जागा घेऊ शकत नाहीत, केवळ पूरक ठरतात.

## इतर कारणांनी पिसे गळणे

पीसगळीत पिसे शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखी व ठरावीक क्रमाने गळतात आणि उघड्या त्वचेवर लवकरच नव्या पिसांचे कोंब दिसतात. पुढील कारणांनी होणारी हानी यापेक्षा वेगळी असते.

* उवा व माइट: गुदद्वाराभोवती आणि पंखांखाली पिसांच्या मुळाशी उवांच्या अंड्यांचे पुंजके दिसतात. लाल माइट दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात व रात्री रक्त शोषतात. तुरा फिकट पडतो आणि कोंबडी अशक्त होते.
* पिसे टोचणे: गर्दी, तीव्र प्रकाश, कंटाळा अथवा प्रथिने व मीठ यांची कमतरता असल्यास कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात. पिसांचे तुटके दांडे व त्वचेवरील जखमा ही याची खूण होय.
* कोंबड्याचे आरोहण: केवळ पाठीवरील व मानेमागील पिसे झिजतात किंवा तुटतात.
* खुडूकपणा: अंड्यांना ऊब मिळावी म्हणून पोटाकडील पिसे जातात.
* रोग: हिरवट हगवण, धाप, मान वाकडी होणे किंवा एकाएकी मरतूक ही पीसगळीची लक्षणे नव्हेत. राणीखेतसारख्या संसर्गजन्य रोगात ती आढळतात. अशा वेळी पशुवैद्यकाला तातडीने कळवणे आवश्यक असते.

कीडबाधा किंवा टोचणे हे कारण असल्यास केवळ आहार बदलून पिसे टिकत नाहीत, मूळ कारण दूर करावे लागते.

## निगा

वाढत्या पिसात रक्त असल्यामुळे ते तुटल्यास रक्तस्राव होतो आणि रक्ताच्या रंगाने आकर्षित होऊन इतर कोंबड्या तेथे टोचतात. जखमी कोंबडीला तात्पुरते वेगळे ठेवतात. या काळात पक्ष्यांना कमीत कमी हाताळणे, नवे पक्षी कळपात न सोडणे आणि खुराडे कोरडे, हवेशीर पण थेट वाऱ्यापासून सुरक्षित ठेवणे उपयुक्त असते. थंडीच्या रात्री अपुऱ्या पिसांच्या कोंबडीला अधिक ऊर्जा खर्च करावी लागते. त्यामुळे प्रथिने वाढवताना धान्य पूर्णपणे बंद करत नाहीत, अन्यथा शरीर प्रथिनेच ऊर्जेसाठी वापरू लागते. स्वच्छ पाणी सतत उपलब्ध असावे लागते.

## सक्तीची पीसगळ

व्यापारी कुक्कुटशाळांत संपूर्ण कळपाचे अंडी उत्पादन पुन्हा वाढवण्यासाठी कृत्रिमरीत्या पीसगळ घडवून आणली जाते. पूर्वी त्यासाठी कित्येक दिवस खाद्य बंद ठेवण्याची व प्रकाश कमी करण्याची पद्धत रूढ होती. प्राणिकल्याणाच्या दृष्टीने तिच्यावर तीव्र टीका झाली. अमेरिकेतील युनायटेड एग प्रोड्यूसर्स या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २००६ पासून उपासमारीऐवजी कमी पोषणमूल्याचे खाद्य देण्याच्या पद्धती वापरल्या जातात. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न व पाणी न देणे हा गुन्हा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये उपासमारीने पीसगळ घडवण्याची पद्धत बंद करण्याची सूचना दिली. परसातील कोंबड्यांच्या बाबतीत सक्तीच्या पीसगळीचे प्रयोजन नसते.

## अंडी उत्पादनावरील परिणाम

पीसगळीचा काळ हा प्रजननसंस्थेच्या विश्रांतीचा काळ असतो. त्यानंतर अंडनलिकेतील ऊतकांचे नूतनीकरण झालेले असते. त्यामुळे पीसगळीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यांच्या तुलनेत अंड्यांचे कवच व पांढऱ्या बलकाचा घट्टपणा सुधारतो. अंडी पहिल्या वर्षापेक्षा आकाराने मोठी, परंतु संख्येने कमी असतात. तुरा पुन्हा लाल व भरदार होणे ही अंडी सुरू होण्याची पूर्वखूण असते. पिसे पूर्ण होऊनही हिवाळ्यातील लहान दिवसांमुळे काही कोंबड्या दिवस मोठे होऊ लागेपर्यंत अंडी देत नाहीत. हा विलंब प्रथिने वाढवून टाळता येत नाही. म्हणून कोंबडी ठेवण्याचा किंवा काढण्याचा निर्णय केवळ अंडी थांबली या कारणावरून न घेता तिचे वय, पिसे टाकण्याचा वेग व एकंदर प्रकृती पाहून घेतला जातो.

## हेही पहा

* कुक्कुटपालन
* केराटिन
* कडकनाथ
* अझोला
* राणीखेत रोग